पोलिसांविरुद्धची भ्रष्टाचाराची तक्रार सरकारने अडवली तर : पर्वरीच्या उच्च न्यायालयात कसे जायचे

अमुक पीएसआयने लाच घेतली की नाही, हे पर्वरीचे उच्च न्यायालय ठरवत नाही. ते काम लाचेचे खटले चालवणाऱ्या विशेष न्यायाधीशांचे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयाचे गोवा खंडपीठ एवढेच तपासते, की तुमच्या तक्रारीवर गृह खात्याने, दक्षता खात्याने किंवा पोलीस महासंचालकांनी जे ठरवले ते कायद्याच्या रीतीने ठरवले का. टाटा सेल्युलर खटल्याच्या १९९४ मधल्या निकालातला हा दंडक सरकारी वकील हमखास पुढे करतात : निर्णय कसा घेतला ते न्यायालय पाहील, सरकारच्या जागी बसून नवा निर्णय घेणार नाही.

याचिका घसरतात त्या इथेच. पोलिसाने काय केले याची चाळीस पाने असतात आणि सरकारने काय केले याचे दीड पान. न्यायाधीशांना वाचायचे असते ते दीड पानच. म्हणून याचिकेची तयारी वकिलाकडे जाण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. सरकारला निर्णय कागदावर आणायला लावायचा, त्याची कारणे मिळवायची, आणि मग त्या कारणांवर बोट ठेवायचे.

लाच दिली असेल, तर आधी सात दिवसांचे पाहा

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ मध्ये २०१८ साली दुरुस्ती झाली आणि लाच देणाराही कलम ८ खाली गुन्हेगार ठरू लागला. सक्तीने द्यावी लागली असेल, तर पैसे दिल्यापासून सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला संरक्षण आहे. आधी कळवून सापळ्यात मदत करणाराही त्यातून सुटतो. आठव्या दिवशी केलेली तक्रार तुमच्यावरच उलटू शकते. शॅकवाला, रेंट-अ-कारवाला, ट्रकमालक, कोणीही असो, वकील शोधण्यात सात दिवस घालवू नका. आधी लेखी कळवा आणि आवक शिक्का घ्या.

तक्रार ज्या ठाण्यातल्या माणसाविरुद्ध आहे, त्याच ठाण्यात ती नेऊन देण्यात अर्थ नाही. गोव्यात लाचेची तक्रार दक्षता संचालनालयाच्या भ्रष्टाचारविरोधी विभागाकडे, म्हणजे एसीबीकडे, जाते. तिची प्रत पोलीस महासंचालकांना आणि गृह खात्याच्या सचिवांना पाठवा. उद्या यांपैकी कोणालाही ‘आम्हाला माहीत नव्हते’ म्हणता येऊ नये.

पुरावा जागच्या जागी राहिला पाहिजे

पोलीस ठाण्यातल्या सीसीटीव्हीचे चित्रण हा सर्वांत लवकर नाहीसा होणारा पुरावा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी सांगितले, की हे चित्रण १८ महिने जपावे, आणि तशी यंत्रणा बाजारात नसेल तरी साठवण एक वर्षाहून कमी नसावी. तक्रारीच्या दिवशीच वेगळे पत्र द्या : कोणते ठाणे, कोणती तारीख, किती ते किती वाजेपर्यंत, कोणती खोली किंवा प्रवेशद्वार. ‘त्या दिवशीचे सगळे फुटेज’ असे मोघम लिहिले की उत्तरही मोघम येते. पुढे चित्रण पुसले गेल्याचे कळले, तर हेच पत्र याचिकेतला भक्कम कागद ठरते.

फोनवरचे संभाषण किंवा व्हॉट्सॲपचे संदेश असतील, तर मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका, दुरुस्तीलाही देऊ नका. प्रत सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग असतात. पहिला तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा सांकेतिक ठसा, लिहावे लागते. स्क्रीनशॉट छापून जोडला आणि प्रमाणपत्र राहिले, ही चूक वारंवार होते.

अडले कुठे, हे आधी ओळखा

‘काहीच झाले नाही’ ही तक्रार न्यायालयात टिकत नाही. प्रकरण नेमके कोणत्या टप्प्यावर थांबले त्यावर उपाय ठरतो.

एफआयआरच नोंदवला नसेल, तर थेट उच्च न्यायालयात गेल्यावर पहिला प्रश्न येतो : खालच्या न्यायालयात का गेला नाहीत? साकिरी वसू निकाल (२००८) सरकारच्या हातात तयार असतो. लाचेच्या गुन्ह्यासाठी आधी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला लेखी कळवून, मग प्रतिज्ञापत्रासह विशेष न्यायाधीशांकडे तपासाच्या आदेशासाठी अर्ज करायचा, हा नेहमीचा मार्ग. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे फौजदारी तपास आणि खटल्याची रीत ठरवणाऱ्या कायद्याचे, कलम १७३(४) आणि १७५(३) त्यासाठी आहे. लोकसेवकाने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याची तक्रार असेल, तर कलम १७५(४) प्रमाणे वरिष्ठाचा अहवाल आणि त्या अधिकाऱ्याचे म्हणणेही मागवले जाते.

ललिता कुमारी निकालाने (२०१३) दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर बंधनकारक केला, पण भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत प्राथमिक चौकशीला वाव ठेवला. ती साधारण १५ दिवसांत आणि अपवादाने सहा आठवड्यांत संपली पाहिजे. सहा आठवडे उलटून चौकशी ‘सुरू’च असेल, तर तो विलंब हा स्वतंत्र मुद्दा होतो.

राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाने शिफारस केली आणि सरकारने ती बाजूला ठेवली, ही परिस्थिती त्याहून सोपी आहे. प्रकाश सिंग निकालात (२२ सप्टेंबर २००६) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की दोषी पोलिसावर खातेनिहाय किंवा फौजदारी कारवाईची प्राधिकरणाची शिफारस संबंधित अधिकाऱ्यांवर बंधनकारक राहील. ‘विचाराधीन आहे’ हे उत्तर अशा शिफारशीला पुरत नाही. शिफारशीची प्रत, ती गृह खात्यात पोचल्याची तारीख आणि त्यानंतरचे मौन, एवढ्यावर छोटी आणि सरळ याचिका होऊ शकते.

लोकायुक्तांच्या अहवालाला अशी धार नाही. मावळते लोकायुक्त पी. के. मिश्रा यांनी २०२० मध्ये जाहीरपणे सांगितले होते, की त्यांच्या अहवालांवर सरकारने कारवाई केली नाही. तो मार्ग घ्यायला हरकत नाही, पण केवळ त्याच्या भरवशावर महिने घालवू नका.

तपास होऊन बंद करण्याचा अहवाल गेला असेल, तर तक्रारदाराला नोटीस मिळालीच पाहिजे, हे भगवंत सिंग निकालापासून (१९८५) ठरलेले आहे. तिथे विशेष न्यायाधीशांपुढे निषेध अर्ज, म्हणजे प्रकरण बंद करण्याला हरकत घेणारा अर्ज, करायचा. याचिकेची वाट लांबची पडते.

खातेनिहाय चौकशीत त्या पोलिसाला फक्त ताकीद मिळाली आणि तुम्हाला बडतर्फी हवी असेल, तर स्पष्ट सांगायला हवे : शिक्षेचे प्रमाण हा सरकार आणि कर्मचारी यांच्यातला विषय आहे. अयुबखान पठाण निकालाने (२०१२) तक्रारदाराला साक्षीदारापलीकडचे स्थान नाकारले आहे. या मुद्द्यावर याचिका करून शक्ती वाया घालवू नका. गुन्हेगारी तपास आणि अभियोग यांवर भर द्या.

मंजुरीचा फास

पोलिसांवरच्या प्रकरणांचा गळा सगळ्यात जास्त आवळला जातो तो इथे, म्हणून जरा थांबून समजून घ्या. तीन वेगळ्या परवानग्या आहेत आणि सरकारी पत्रात त्या सर्रास एकमेकींत मिसळलेल्या असतात.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७अ ची पूर्वमान्यता तपासाच्याही आधी लागते. पण ती फक्त लोकसेवकाने अधिकारात केलेली शिफारस किंवा घेतलेला निर्णय यासंबंधीच्या गुन्ह्याला. लाच घेताना रंगेहाथ अटक करायला ती लागत नाही. हवालदाराने तालांव (वाहतूक दंडाची पावती) न देण्यासाठी पैसे मागितले, यात ‘निर्णय किंवा शिफारस’ कुठे आहे, हा प्रश्न याचिकेत सरळ विचारा. अशा प्रकरणात ‘१७अ ची मान्यता प्रलंबित’ असे उत्तर आले, तर अधिकाऱ्याने चुकीचे कलम लावले हाच आव्हानाचा पाया होतो. मान्यतेची मुदत तीन महिने, आणि लेखी कारण नोंदवून आणखी एक. या कलमाच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेलेला आहे, त्यामुळे याचिका दाखल करण्याच्या दिवशी कायद्याची स्थिती काय आहे ते वकिलाकडून पडताळून घ्या.

त्याच कायद्याच्या कलम १९ ची मंजुरी लागते ती तपास झाल्यावर, न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी. २०१८ पासून निवृत्त अधिकाऱ्यालाही हे संरक्षण आहे. मंजुरी देतो तो, ज्याला त्या अधिकाऱ्याला सेवेतून काढण्याचा अधिकार आहे. खालच्या दर्जाच्या पोलिसांसाठी हा अधिकार पोलीस दलातच असतो, आयपीएस अधिकाऱ्यासाठी केंद्र सरकारकडे. म्हणून आयपीएस अधिकाऱ्याच्या प्रकरणात केंद्राला प्रतिवादी न करणे म्हणजे याचिका अर्धवट ठेवणे. इथेही मुदत तीन महिने, अधिक कायदेशीर सल्ल्यासाठी एक. मुदत उलटली म्हणून मंजुरी मिळाली असे धरता येत नाही. मात्र विजय राजमोहन निकालात (२०२२) सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत बंधनकारक मानली आणि विलंब न्यायालयीन पुनर्विलोकनाला पात्र ठरवला. पाचव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी तुमच्या हातात हा मुद्दा येतो.

खासगी तक्रारदाराने मंजुरीसाठी स्वतः थेट सरकारकडे अर्ज करून चालत नाही. आधी विशेष न्यायालयात फिर्याद हवी, ती फेटाळलेली नसावी, आणि मंजुरी आणण्याचा न्यायालयाचा निर्देश हवा. ही पायरी गाळल्यामुळे फेटाळलेला अर्ज उच्च न्यायालयात वाचत नाही.

तिसरी परवानगी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ ची, खंडणी किंवा खोट्या गुन्ह्यात अडकवणे अशा इतर गुन्ह्यांसाठी. यात १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असे धरले जाते. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याआधीच्या प्रस्तावांना हा लाभ गृहीत धरू नका. शिवाय मूळ तरतूद फक्त सरकारच्या मंजुरीशिवाय काढता न येणाऱ्या लोकसेवकांना आहे. ज्या पोलिसाला वरिष्ठ पोलीस अधिकारीच काढू शकतो, त्याच्यासाठी या कलमाचा आडोसा घेतला जात असेल, तर त्याच्या बाजूने काही अधिसूचना आहे का, हे विचारा.

एक मर्यादा मनात पक्की करा. न्यायालय ‘मंजुरी द्या’ असा आदेश देत नाही. मनसुखलाल चौहान निकालात (१९९७) उच्च न्यायालयाच्या अशाच आदेशामुळे दिलेली मंजुरी अवैध ठरली, कारण अधिकाऱ्याला स्वतःचा विचार करायला जागाच उरली नव्हती. मागायचे ते एवढेच : नकार रद्द करा, आणि अमुक आठवड्यांत सकारण नवा निर्णय घ्यायला सांगा. सरकारनेही एकदा नाकारलेली मंजुरी त्याच कागदांवर नंतर देऊन चालत नाही, नवे साहित्य लागते, असे निशांत सरीन निकाल (२०१०) सांगतो. म्हणून नकारानंतर नवा पुरावा हाती आला, तर तो लगेच तपास अधिकाऱ्याला देऊन पोच घ्या.

निर्णय कागदावर आणणारे पत्र

परमादेश, म्हणजे सरकारला त्याचे कर्तव्य करायला लावणारा न्यायालयाचा आदेश, मागायचा तर आधी मागणी केली आणि ती नाकारली किंवा दुर्लक्षिली, हे दाखवावे लागते. तक्रारीनंतर सहा आठवड्यांनी असे पत्र द्या :

‘दि. … च्या माझ्या तक्रारीवर, आवक क्र. …, पुढील माहिती लेखी द्यावी. एफआयआर नोंदवला असल्यास क्रमांक व तारीख; नसल्यास कोणत्या अधिकाऱ्याच्या कोणत्या तारखेच्या आदेशाने आणि कोणत्या कारणाने. कलम १७अ, १९ किंवा २१८ खाली प्रस्ताव पाठवला असल्यास कोणाकडे, कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाने. पंधरा दिवसांत सकारण निर्णय न कळवल्यास माझी मागणी नाकारली असे समजून मी उच्च न्यायालयात दाद मागेन.’

भाषा साधी ठेवा. आरोपांची जंत्री पुन्हा नको. हे पत्र एकदाच आणि एक स्मरणपत्र, बस. वर्षभर दर महिन्याला निवेदने देत राहिल्याने मुदत वाढत नाही, उलट दिरंगाईचा दोष तुमच्या माथी येतो. अनुच्छेद २२६ खालच्या या रिट याचिकेला ठरावीक मुदत नसली, तरी नकारानंतर काही महिन्यांतच न्यायालयात गेलेले बरे.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. ‘कारवाई का केली नाही’ असे विचारू नका. माहिती अधिकारी ‘का’ला उत्तर द्यायला बांधील नाही. फाइलमधील टिपणे, शेरे, प्रस्ताव आणि आदेश यांच्या प्रती मागा, आणि फाइल पाहण्याचीही परवानगी मागा. कलम ४(१)(घ) चा उल्लेख करा, कारण बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणे देण्याचे बंधन त्यात आहे. ‘तपास सुरू आहे’ म्हणून कलम ८(१)(ज) खाली नकार आला, तर तपासाला अडथळा नेमका कसा येतो हे त्यांनीच दाखवायचे असते. खातेनिहाय चौकशीचे कागद वैयक्तिक माहिती म्हणून नाकारले जाण्याची शक्यता मोठी. पहिले अपील ३० दिवसांत करा, पण माहिती आयोगाच्या निकालासाठी याचिका अडवून धरू नका. मूळ फाइल मागवण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहेच.

याचिकेत काय असावे

प्रतिवादी म्हणून मुख्य सचिवांमार्फत गोवा राज्य, गृह खाते, पोलीस महासंचालक, दक्षता संचालनालय, आणि ज्याच्याविरुद्ध आरोप आहे तो अधिकारी. त्याला वगळून त्याच्याविरुद्ध जाणारा आदेश मागणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, आणि हा आक्षेप पहिल्याच दिवशी येतो. एखाद्या वरिष्ठाने मुद्दाम फाइल दाबली असे म्हणायचे असेल, तर त्याला नावानिशी प्रतिवादी करा आणि तारीख, फाइल क्रमांक, काय केले ते प्रतिज्ञेवर लिहा. ‘राजकीय दबावामुळे’ असे सैल वाक्य संपूर्ण याचिकेची पत घालवते.

पहिल्या दोन पानांत तारखांचा तक्ता द्या. तक्रार, पोच, चौकशी, प्रस्ताव, मुदत कधी संपली, नकार कधी आला. हाच तक्ता न्यायाधीश सर्वांत आधी पाहतात.

उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. मराठी किंवा कोंकणी तक्रारीचे, ठाण्यातल्या नोंदीचे, संभाषणाच्या लेखनाचे भाषांतर जोडावे लागते. संभाषणात कोंकणी, मराठी, हिंदी मिसळलेले असते. ‘सेटिंग करूया’, ‘साहेबांचे बघ’ अशा शब्दांचा अर्थ भाषांतरकाराने सौम्य करता कामा नये. शब्दशः उतरवून अर्थ पुढे द्यावा.

आव्हानाचे मुद्दे चार-पाचच ठेवा : कारणे दिली नाहीत, महत्त्वाचा पुरावा पाहिलाच नाही, अप्रस्तुत गोष्ट, जसे अधिकाऱ्याची चांगली सेवा, गृहीत धरली, अधिकार नसलेल्याने निर्णय घेतला, कायद्याची मुदत मोडली. यातला ‘पुरावा पाहिला नाही’ हा मुद्दा सिद्ध करायला सोपा पडतो. सादर केलेल्या जोडपत्रांची यादी आणि नकाराचे पत्र शेजारी ठेवायचे.

शेवटच्या मागण्या अशा क्रमाने : नकाराचा आदेश रद्द करणे, मूळ फाइल मागवणे, ठरावीक आठवड्यांत सकारण निर्णय, तोवर सीसीटीव्ही व फोन-नोंदी जपण्याचा अंतरिम आदेश. तपास सीबीआयकडे देण्याची मागणी शेवटी आणि ठोस कारण असेल तरच. राज्याच्या संमतीशिवाय तसा आदेश देण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये मान्य केला, पण तो क्वचित वापरण्याची ताकीदही दिली. त्याच वर्षी गोव्यात अमली पदार्थविरोधी विभागातल्या पोलिसांवर ड्रग्ज विक्रेत्यांशी संगनमताचे आरोप झाले आणि ते प्रकरण पुढे सीबीआयकडे गेले. ज्या दलातल्या माणसांवर आरोप, त्याच दलाकडे तपास आणि पुरावा, अशी स्थिती दाखवता आली तरच ही मागणी उभी राहते.

वकिलाशिवाय स्वतः बाजू मांडायची असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे आधी समितीपुढे जाऊन तशी परवानगी घ्यावी लागते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे, कोठडीतले आणि उत्पन्नमर्यादेत बसणारे लोक उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडून मोफत वकील मागू शकतात.

सुनावणीला सरकार काय म्हणते

नकाराच्या पत्रात एक ओळ आणि उत्तराच्या प्रतिज्ञापत्रात वीस पानांची नवी कारणे, हे नेहमीचे. इथे मोहिंदर सिंग गिल निकाल (१९७७) वाचून दाखवा. आदेश त्यातच दिलेल्या कारणांवर टिकला पाहिजे, प्रतिज्ञापत्राने त्याला मागाहून टेकू देता येत नाही. म्हणूनच नकाराचे मूळ पत्र हाती असणे इतके मोलाचे.

सुनावणीच्या आदल्या दिवशी ‘निर्णय झाला, याचिका निकाली काढा’ असे सांगितले जाऊ शकते. नवा निर्णयही नकारच असेल, तर याचिका मागे घेऊ नका. दुरुस्तीची परवानगी मागून त्याच याचिकेत त्याला आव्हान द्या. मागे घ्यायचीच वेळ आली, तर पुन्हा दाद मागण्याची मुभा आदेशात लिहून घ्या.

‘चार आठवड्यांत निर्णय घ्या’ असा आदेश मिळाला, की प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात प्रत्येक प्रतिवादीला पोचवून पोच घ्या. चार आठवडे उलटून निर्णय आला नाही, तर अवमान याचिका, आणि ती अवमान घडल्यापासून एका वर्षाच्या आत. उच्च न्यायालयाने याचिकाच फेटाळली, तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती अर्जाला ९० दिवस आहेत.

या सगळ्या काळात तक्रारदार आणि साक्षीदार त्याच गावात, त्याच ठाण्याच्या हद्दीत राहत असतात. धमकी आली, तर साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ खाली जिल्हा पातळीवरच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. धमकीची तारीख, वेळ, क्रमांक लिहून ठेवा, आणि तो अर्ज केल्याचे याचिकेतल्या पुढच्या प्रतिज्ञापत्रात नोंदवा. न्यायालयापुढे नोंद आली, की त्या ठाण्यातल्या माणसांना प्रत्येक पाऊल जपून टाकावे लागते.